खाऱ्या पाण्याची बादली

पाण्यातलं मीठ मोजायला मला कुणी शिकवायची गरज नाही. निरवांगीत आमची शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आहे. ठिबकमधून खत सोडताना पाण्यातले क्षार मी रोज मोजते. त्यामुळे समुद्रातला पिवळा गोबी मासा घरी पाळायचा म्हटल्यावर माझा नवरा सुयोग पोट धरून हसला, तरी मी मनावर घेतलं नाही. हॉलमध्ये काचेची टाकी मांडली, मोजून मीठ कालवलं, पाणी तयार व्हायला वेळ दिला आणि मगच पुण्याहून मासा आणला. करंगळीच्या दोन पेरांएवढा. गोबीला उडी मारून बाहेर पडायची खोड असते, म्हणून शेडनेटची उरलेली जाळी टाकीवर ताणून बसवली. गडी ठणठणीत राहिला.

आमच्या घरी जे वाढतं ते विकायला जातं. हा एकटाच नुसता बघण्यासाठी. मला त्याचा फार लळा लागला होता.

सासूबाई, म्हणजे प्रयागबाई, मी त्यांना आत्या म्हणते. त्या मात्र टाकीकडे पाठ करून बसत. कॅनॉलचं पाणी आलं तेव्हा घरातल्यांनी खालच्या तीन एकरांत उसाला मोकाट पाणी पाजलं आणि काही वर्षांत रान खारावलं. आता तिथं जमिनीवर पांढरी पावडर आणि वेड्या बाभळी. ते रान आत्यांनी स्वतः दगड वेचून केलेलं होतं. मिठाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे.

टाकीतलं थोडं जुनं पाणी अधूनमधून बदलावं लागतं. ते मी लांब मुरमाड माळावर नेऊन ओतत असे. एकदा मला माल घेऊन बारामतीला जायचं होतं, म्हणून बादली सुयोगरावांवर सोपवली. साहेबांनी ती मोरीत रिकामी केली. मोरीचं पाणी जातं परसातल्या वांग्यांना.

चार-पाच दिवसांनी आत्या वांग्याचं पान हातात घेऊन हॉलमध्ये आल्या. पानाच्या कडा करपल्या होत्या.

"ही वांगी कशानं जळाली ते मला कुणी सांगायला नगं," त्या म्हणाल्या. "एक रान गेलं, आता परडं घालवायचं न्हाय. आयतवारपतूर ह्यो मासा हितनं गेला पायजे."

"आत्या, चूक माशाची न्हाय, तुमच्या लेकाची हाय."

"लेक माजाच हाय, त्याला कुठं टाकू? मासा जाईल."

सुयोग मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. मला राग आला आणि भीतीही वाटली, कारण आत्यांनी एकदा ठरवलं की ठरवलं. पण हात जोडायचे नाहीत, तोड काढायची, हे मी पक्कं केलं.

शनिवारी सकाळी आत्या विहिरीजवळच्या चार नारळांच्या आळ्यांत काहीतरी टाकताना दिसल्या. मी जवळ गेले. पिशवीत खडेमीठ होतं.

"हे काय, आत्या? मीठ?"

"नारळाला लागतं. दरसाल घालते मी."

"इकत आणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरात पळाले, टाकीतलं बादलीभर पाणी काढून आणलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या. मग तांब्यानं मोजून चारही आळ्यांत ते पाणी घातलं, वर मोटारीचं गोडं पाणी सोडलं. रिकामी बादली घेऊन त्या सरळ हॉलमध्ये गेल्या आणि पहिल्यांदाच टाकीसमोर बसल्या.

गोबी दगडाच्या फटीतून बाहेर आला आणि काचेला चिकटून त्यांच्याकडे बघत राहिला.

"एवढासा जीव," आत्या म्हणाल्या, "एवढ्या मिठात नांदतोय. आन माजं तीन एकर रान..." मला रडू आलं. मी त्यांच्या शेजारी बसले. मग त्यांनी विचारलं, "ह्याला नुसत्या गोड्या पाण्यात टाकला तर?"

"मरंल, आत्या."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि दाराकडं वळून हाक मारली, "सुयोग! आजपासनं ह्या टाकीला तू हात लावायचा न्हाय."