मानेवरची कात्री

थोरल्या मुलाच्या मानेकडे लक्ष गेलं आणि फौजदाराच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

फौजदार हे त्याचं खरं नाव नव्हे. तो केशकर्तनालयाचा मालक, पण खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाची इतकी कसून उलटतपासणी घ्यायचा, की कुणीतरी गमतीने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नाव सार्थच होतं म्हणा. दूधवाला हसला तरी हा विचार करायचा, हसला का?

थोरल्याचे केस जन्मापासून त्यानेच कापले होते. आता मुलगा नोकरीला लागला होता, खांद्याने बापाच्या वर गेला होता, पण डोकं बापाच्याच हाताखाली यायचं. आणि आज सकाळी चहा घेताना तो वाकला, तेव्हा मानेवर परक्या हाताची कात्री दिसली. काम वाईट नव्हतं. वाईट असतं तर फौजदाराला बरं वाटलं असतं.

"केस कुठे कापलेस?"

"कुठे म्हणजे? जरा नीट केलेत." थोरल्याने कप उचलला आणि विषय तिथेच संपवला.

फौजदाराचं मन दुकानात लागेना. समोरच्या बाजूला नवं काचेचं सलून झालं होतं. गाणी, थंडगार हवा, काळे एप्रन घातलेले तरणे कारागीर. बापाचं दुकान सोडून पोरगा तिथे जाऊन बसला असेल, तर तो केसाने गळा कापण्याचाच प्रकार होता. आज मान दिली, उद्या घर सोडेल. दुकानातली दुसरी खुर्ची त्याने याच मुलासाठी मांडली होती. नोकरीला कंटाळला की येईल, असं तो मनाशी धरून बसला होता.

मग पाळत सुरू झाली. थोरला आंघोळीला गेला की फौजदार त्याचा शर्ट हुंगायचा. दुसऱ्या सलूनच्या पावडरचा वास येतो का? फोन वाजला की तो भिंतीआडून कानोसा घ्यायचा.

"अहो, शर्ट खाली ठेवा," बायको वैतागून म्हणाली. "पोरगं मोठं झालंय. त्याला त्याचं काही असू द्या की."

"त्याचं काही म्हणजे काय? तुला माहितीये काहीतरी!"

"मला एवढंच माहितीये की तुमचं डोकं ठिकाणावर नाही."

थोरला पुन्हा केस कापून आला, तेव्हा त्याने त्याची मान उजेडात नीट पाहिली आणि चपापला. कात्री उलट्या बाजूने चालली होती. हे काम डावखुऱ्या माणसाचं होतं. झालं, आता गुन्हेगार शोधणं सोपं होतं! दुपारी दुकानाचं दार ओढून तो रस्ता ओलांडून गेला आणि काचेला नाक लावून उभा राहिला. कारागीर एकजात उजव्या हाताचे.

सलूनच्या मालकाने त्याला पाहिलं आणि हसत दार उघडलं. "या की काका, आत या. तुम्ही स्वतः आलात, फार बरं वाटलं. पोरीची काही काळजी करू नका हं."

"कुठली पोरगी?"

"तुमची! येत्या एक तारखेपासून कामाला येतेय ना आमच्याकडे? डावखुरी आहे, पण हात काय सुरेख आहे हो! म्हटलं, तुम्हीच शिकवलं असेल."

फौजदाराने मान डोलावली.

घरी आला तेव्हा धाकटी ओट्यापाशी काकडी चिरत होती. सुरी डाव्या हातात होती. ही पोर लहानपणापासून डाव्या हाताने लिहायची, वेणी घालायची, दाराची कडी काढायची. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर, आणि त्या हाताचा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. थोरला बाजूला उभा होता.

"मला का नाही सांगितलंस?" फौजदाराचा आवाज चढला. "चोरासारखं भावाच्या डोक्यावर शिकलीस?"

धाकटीने सुरी खाली ठेवली. "चोरून कुठे? गच्चीवर बसायचो आम्ही, दार उघडं टाकून. तुम्ही दादाचे शर्ट हुंगत होतात, दादाचे फोन ऐकत होतात." "माझ्यावर तुम्ही कधी संशयसुद्धा घेतला नाहीत, बाबा."

तो स्टुलावर बसला. रागवावं कुणावर, तेच कळेना.

मग त्याने विचारलं, "कात्री कुणाची?"

"तुमचीच. खालच्या खणातली जुनी. वर्षभर माझ्याकडे आहे."

वर्षभर! रस्त्यावरच्या चिटपाखरावर नजर ठेवणाऱ्याला स्वतःच्या खणातली कात्री गेल्याचा पत्ता नव्हता.

"धार कुठे लावलीस? पहिल्यांदा कापलंस तेव्हा हात थरथरला का? कानामागे वळवायला कुणी शिकवलं?" तो विचारत गेला. ती आधी तुटक, मग हळूहळू खुलून सांगू लागली. दुकानाच्या दारात उभी राहून त्याचे हात बघायची, म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. काकडी तशीच राहिली.

फक्त एक प्रश्न त्याने विचारला नाही. समोरच्या सलूनमध्ये जायचं रद्द करशील का, एवढंच विचारायचं होतं. उत्तर काय येईल ते त्याला पक्कं ठाऊक होतं.