वहिनीचं घर निघालं

जमीन बाउदिलिओची, असा निकाल लागला तेव्हा एदेल्मिरा सरळ घरी आली. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं, तोच या सख्ख्या दिराने तिला कोर्टात ओढलं होतं. घराबद्दल निकालात चकार शब्द नव्हता. पण बाउदिलिओने धरून चाललं की जमिनीमागे घर आलंच. मुलाचं लग्न ठरलं होतं, सून याच घरात आणायची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"बटाटे काढून झाले की निघा, वहिनी," तो म्हणाला.

बटाटे निघाले. रविवारी चर्चमधून माणसं बाहेर पडत असताना एदेल्मिरा सफरचंदाच्या दारूचा जग घेऊन दिरासमोर उभी राहिली. त्याला वाटलं, बाई नमली. चार लोकांत मोठेपणा मिळतोय म्हटल्यावर त्याने पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. मागणं काय, ते विचारायचं राहून गेलं. आमच्या चिलोए बेटावर मदत मागायला आलेल्याचा पेला पोटात गेला की त्याच्या कामाला नाही म्हणता येत नाही. म्हणणाऱ्याच्या शेतात पुन्हा कोणी हात लावायला येत नाही.

"भाऊजी, शनिवारी माझं घर ओढून न्यायचंय. खाली, माझ्या वडिलांच्या तुकड्यावर. तुमची बैलजोडी पुढे हवी."

"ते घर माझ्या जमिनीवर आहे."

"जमीन तुमचीच. मी कुठे नाही म्हणते?"

"प्यायलास ना बाबा," मागून एक म्हातारा म्हणाला, "आता ओढ."

शनिवारी गावचे बैल आले. लाकडी घर खुंटांवरून उचलून ओंडक्यांवर ठेवलं, दोर बांधले. पाया असा आमच्याकडच्या घरांना नसतोच. घर करकरत उतारावरून निघालं. एदेल्मिरा भिंतीला हात लावून बरोबर चालत होती. एक तुळई उकलली असती तर तिच्या डोक्यावर छप्पर उरलं नसतं.

हद्दीच्या चरात पुढचा ओंडका मोडला आणि घर एका अंगाला कललं. बाउदिलिओने बैल थांबवले.

"रुतलं. आता इथंच राहणार," तो म्हणाला. अर्ध्याहून जास्त घर अजून त्याच्याच जमिनीवर होतं.

कोणी पुढे होईना; पुढची जोडी त्याची, हुकूमही त्याचाच. ती त्याच्याजवळ गेली.

"राहू द्या, भाऊजी. पण लोक विचारतील, घर कोणाच्या बैलांनी चरात घातलं? काय सांगू?"

बाउदिलिओने आपल्या बैलांकडे पाहिलं. बेटावर त्या जोडीला तोड नव्हती, आणि बायकोपेक्षा त्याचा जीव या बैलांवर जास्त. त्याने दात खाऊन शिवी हासडली, नवा ओंडका मागवला आणि पराणी टोचली. दोर ताठ झाले. घर हललं, पुन्हा मागे आलं, आणि मग अंग सावरत चर ओलांडून गेलं. एदेल्मिराला रडू फुटलं. तिने ते लपवलं नाही.

संध्याकाळी तिने सगळ्यांना जेवू घातलं. बाउदिलिओला भावाच्या खुर्चीवर बसवलं आणि गरम बटाट्याची भाकरी वाढली. तो खिडकीतून वर पाहत होता. वर उघड्या माळावर नुसते खुंट उभे होते.

"फार ओकंबोकं दिसतंय, वहिनी."

"तुम्ही जमीनच मागितली होती, भाऊजी," ती म्हणाली. "जेवा, गार होतंय."