जरा उलटा लावून बघा

"आता?" कपाटामागून वायरमनचा आवाज आला.

खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या कानसेनांनी मान हलवली. "छे हो, काहीच फरक नाही. परत उलटा लावून बघा."

हे धडधडीत खोटं होतं. नवीन स्विचबोर्ड बसवल्यापासून अॅम्प्लिफायरमधून गाण्याखाली एक बारीक घरघर येत होती. वायरमनने दोन पिनांचा प्लग पहिल्यांदा उलटा केला तेव्हाच ती गेली. गाणं कसं स्वच्छ झालं होतं! टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी लायनीवरची खरखर शोधण्यात घालवलेला माणूस. ऑफिसात सगळे उगाच का त्यांना कानसेन म्हणायचे? पण काम झालं म्हटलं की वायरमन पिशवी उचलणार, आणि मग दिवसभर दाराची कडीसुद्धा वाजणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तसा प्लग काय, त्यांना स्वतःलाही फिरवता आला असता. पण बायको होती तोवर हे काम दोघांचं होतं. ती कपाटामागे जाऊन प्लग फिरवायची, हे जागेवरून न हलता ऐकायचे. "तुमच्या कानांचे लाड पुरवता पुरवता माझी कंबर गेली," असं म्हणायची, आणि तरी जायची. ती गेल्यावर कपाटाआड एकट्याने शिरायचं त्यांच्या जिवावर यायचं.

"काका," वायरमन प्लग नीट लावून धूळ झटकत बाहेर आला, "घरघर पहिल्याच फेरीत गेली ना? मलाही ऐकू येतंय की."

कानसेन चोरी पकडल्यासारखे खाली बघत राहिले. "गेली," ते म्हणाले. "घरात बोलायला कुणी नाही हो. म्हटलं, तेवढाच वेळ..."

वायरमन समोरच्या खुर्चीत टेकला. "लावा. एक गाणं ऐकून जातो."

गाणं सुरू झालं. कानसेन हरखून सांगू लागले, "आता तो खालचा सूर ऐका हं, मघाशी पार दबला होता..." त्यांनी समोर पाहिलं. सकाळपासून शिड्या चढून उतरून दमलेला माणूस, मान एका बाजूला टाकून चक्क घोरत होता.

कानसेनांना हसू आलं. त्यांनी आवाज कमी केला, मग गाणं बंदच करून टाकलं. त्या घोरण्याला ना ताल ना सूर, पण ते मन लावून ऐकत बसले. किती दिवसांनी घरात दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता!

वायरमनच्या खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. कुणाच्या तरी घरची वीज गेली असेल, दाराकडे डोळे लावून बसलं असेल बिचारं. कानसेन आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले.

मग उठून त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "उठा," ते हळूच म्हणाले, "तुमची कुणीतरी वाट बघतंय."