कानसवाली

"अठरा इंचीच द्या हो. एवढं नवं मशीन आणि त्याला बार एवढासा? वाघाला मांजराचं शेपूट लावल्यासारखं दिसेल," ठेकेदार काउंटरवर दोन्ही हात पसरून म्हणाला.

म्हाताऱ्या दुकानदाराला चष्मा कपाळावर चढवून बोलायची सवय होती. "दिसण्याचं सोडा. बार म्हणजे चेन फिरायची पट्टी, ती जेवढी लांब तेवढा भार. इंजिनाला ओढता आलं पाहिजे. ह्या मशीनला चौदा इंची बार पुष्कळ झाला."

"जावईबापू, तुम्ही बोला की! झाडं तुम्ही कापणार."

जावई नुसता हसला. आजवर त्याने कुऱ्हाड चालवली होती, दोराला लोंबकळून फांद्या छाटल्या होत्या. झाड कापायचं चेनचं मशीन उद्या पहिल्यांदा हाती येणार होतं. त्याने शेजारी उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं.

"चौदा," ती म्हणाली.

"घ्या! वहिनींचा निकाल आला. नऊ वर्षांनी मशीनबद्दल तोंड उघडलं म्हणायचं," ठेकेदार हसत म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि "हां, बोला साहेब" करत तो दुकानाबाहेर गेला.

तिला एकेकाळी सगळे कानसवाली म्हणायचे. आता ती कॅन्टीनमधली भांडीवाली मावशी होती. पण तेव्हा झाडं तोडणाऱ्या टोळ्यांच्या बोथट चेन संध्याकाळी तिच्या दारात येऊन पडायच्या आणि सकाळी लखलखत जायच्या. दर दाताला कानशीचे तीन हात, कमी नाही, जास्त नाही. मोजायला तिने गाणं जोडलं होतं:

पहिला हात दाताला, दुसरा हात धारेला,
तिसरा हात धन्याच्या माघारी येणाऱ्या पावलाला.

नवराही मशीनने झाडं तोडायचा. तो चिडवायचा, "अगं, चेन दुसऱ्यांच्या आणि पावलं माझी?"

"त्यांची पावलं त्यांच्या बायका गातील," ती म्हणायची.

मग एका दुपारी ती पावलं आली नाहीत. मशीन उसळलं, चेन मांडीत शिरली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं. आठवडाही उलटला नव्हता. धाकटा दीर, म्हणजे हाच ठेकेदार, तिच्यासमोर येऊन बसला. अगदी मायेने बोलला. "वहिनी, मी तुमच्यावर रागावत नाही. पण दातापुढचे उंचवटे तुम्ही जरा जास्तच घासलेत. चुकतो माणसाचा हात. मी कुणाला सांगणार नाही."

प्रत्येक दाताच्या पुढे एक बारीकसा उंचवटा असतो. दाताने लाकडात किती खोल चावायचं ते तो ठरवतो. तो जास्त घासला गेला तर दात हावरट होतो आणि मशीन उलटं माणसावर येतं. हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिने दिराचं म्हणणं मुकाट्याने मानलं. त्याने शब्द पाळला, कुणाला सांगितलं नाही. त्या उपकाराखाली ती नऊ वर्षं मान खाली घालून जगली. कानस तिने त्याच आठवड्यात विहिरीत टाकली होती.

आता लेक म्हणत होती, "आई, ह्यांच्या चेनला धार तूच लावायची. परका हात नको." हो म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती, आणि नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं.

तिने पिशवीतून एक गाठोडं काढून काउंटरवर ठेवलं. गाठ इतकी जुनी होती की दातांनी सोडवावी लागली. आत एक बार होता आणि एक चेन, गंजाने तांबूस झालेली.

"किती घासलं की जास्त होतं, ते मला कळायला हवं," ती दुकानदाराला म्हणाली. "ह्यात माझा हात कुठं चुकला ते दाखवा. मग जावयांच्या चेनला कानस लावायची की नाही, ते ठरवीन."

जावई काही विचारणार होता. तिचा चेहरा बघून त्याने नुसतं फडकं बाजूला सारलं.

दुकानदाराने गंज पुसला, मापपट्टी घेतली आणि एकेक दात बघत गेला. पंधरा झाले, वीस झाले. मग त्याने चष्मा वर चढवला. "हात कुणाचा म्हणालात?"

"माझा."

"बाई, कारखान्यातून इतकी सारखी येत नाही. ह्यात केसाइतकी चूक नाही."

"नीट बघा. माणूस गेलाय ह्याच्यावर."

म्हाताऱ्याचा हात थबकला. चष्मा पुन्हा नाकावर आला. त्याने चेन उलटी केली. तिच्या खालच्या अंगाला पोलादी जिभा असतात, बारच्या खाचेत बसणाऱ्या. त्या त्याने खाचेत बसवल्या आणि बोटाने चेन हलवली. दुधाचा दात डुलावा तशी ती डुलली.

"ही चेन ह्या बारची नाहीच," तो हळू म्हणाला. "लांबी तीच, दात तेच. पण जिभा पातळ आणि खाच रुंद. चार दिवस चालते, मग जोर आला की बारवरून उतरते आणि चाबकासारखी माणसावर येते. उतरली होती?"

"उतरली होती," ती म्हणाली. मशीन घरी आणलं तेव्हा चेन लोंबत होती. ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण तेव्हा तिला त्या चेनमध्ये फक्त स्वतःचे हात दिसत होते.

कानस वरच्या दातांना लागते. खालच्या जिभांशी तिचं काय काम? हजारो चेन तिच्या हातून गेल्या, पण उलटी करून तिने एकही बघितली नव्हती. नवऱ्यासाठी चेन आणायचा दीर, बारवर बसवून द्यायचाही दीरच.

"झालं का? चला, मला साइटवर जायचंय," ठेकेदार आत आला आणि काउंटर बघून थांबला. "हे कशाला घेऊन आलात?"

"भावजी, ही चेन तुम्ही आणली होती."

"असेल. अशा किती आणल्या."

"ही पातळ आहे. बार हिचा नाही."

त्याने दुकानदाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तेव्हा जाड मिळत नव्हती. चार दिवस थांबा म्हणत होता तो दुकानवाला. काम अडलं होतं, वहिनी. बसली होती की बरोबर! दोन दिवस चांगली चालली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"आता नऊ वर्षांनी हे उकरून..."

"ठाऊक होतं," ती म्हणाली, "आणि तरी तुम्ही मला माफ केलंत."

जावयाने हातातला नव्या मशीनचा खोका खाली ठेवला.

तिने जुना बार आणि चेन पुन्हा फडक्यात बांधली, तीच गाठ मारली आणि गाठोडं दिराच्या हातांत दिलं. "हे आता तुमच्या घरी राहू द्या. मी पुष्कळ दिवस सांभाळलं."

मग ती काउंटरकडे वळली. "चौदाचे दोन बार काढा. चेन चार. खोक्यातून बाहेर काढून द्या, मी बघते."

प्रत्येक चेन तिने उलटी केली, जिभा खाचेत बसवल्या, बोटाने हलवून बघितल्या. पहिली हलली नाही. दुसरी हलली नाही. तिसरी आणि चौथीलाही तिने तितकाच वेळ दिला. म्हाताऱ्याने घाई केली नाही.

"आणि एक गोल कानस. लाकडी मुठीची."

बाहेर ठेकेदार गाडीपाशी उभा होता. गाठोडं दोन्ही हातांत होतं, त्यामुळे त्याला दार उघडता येत नव्हतं. "बसा वहिनी, सोडतो घरी," तो म्हणाला. ती त्याच्यासमोरून चालत गेली. मागोमाग जावई खोका आणि पिशवी सांभाळत निघाला.

रस्त्याने चालताना तिने कानशीची मूठ तळहातात धरली. मनगट आपोआप वळलं. पहिला हात दाताला, दुसरा हात धारेला. पुढची ओळ ओठांवर आली आणि तिथेच अडली. अंगठ्याखाली पूर्वी दगडासारखा घट्टा होता, मूठ बरोबर त्याच्यावर टेकायची. नऊ वर्षांच्या साबणाच्या पाण्याने ती जागा लहान मुलाच्या गालासारखी मऊ करून टाकली होती. मूठ रुतत होती.

"आई, द्या इकडे, मी धरतो," जावई म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "टोचू दे."