माझ्या चाकांना तेल घातले की

मी एक जुनी लाकडी सरकती भिंत आहे, आणि माझ्या चाकांना कुणी तेल घातले की मला आधी संशय येतो.

मित्रांनो, सुताराने फळ्यांना रंधा मारून मला घडवले, तेव्हा मोठी खोली हवी तेव्हा एक आणि हवी तेव्हा दोन व्हावी, एवढाच त्याचा साधा हेतू होता. शाळेच्या फाटकावर 'सर्वांसाठी शाळा' अशी पाटी आहे. पण पहिल्याच आठवड्यात एक चाचणी होते आणि मुले माझ्या दोन बाजूंना वाटली जातात. उजवीकडे बीजगणित चालते. डावीकडे फळ्यावरचे उतरवून घ्यायचे आणि गप्प बसायचे. वर म्हणायचे, आम्ही भेदभाव करत नाही.

भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर बोटभर भेगही होती. शिंप्याची धाकटी लेक डावीकडून त्या भेगेला खेटून बसायची आणि पलीकडची गणिते ऐकून वहीच्या मागच्या पानावर सोडवायची. मला तिचा फार अभिमान वाटे.

तपासणीच्या आदल्या दिवशी माझ्या चाकांना तेल पडते, आणि तपासणीच्या दिवशी शिपाईमामा मला कडेला सारतात आणि दोन्हीकडची मुले एकाआड एक बसवतात. यंदा तपासनीस साहेबांनी घातलेले गणित तिनेच सोडवले. साहेब खूश होऊन शाळेचे कौतुक लिहून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओढली गेले, पण ती दप्तर घेऊन उजवीकडे जाऊन बसली. पुढच्या वर्षीच्या वरच्या गणिताचे अर्ज तिथेच वाटत होते. मुख्याध्यापक गोड आवाजात म्हणाले, "काल पाहुणे होते, बाळ. तुझी जागा पलीकडे."

"पण सर, गणित तर तेच आहे ना?"

गणिताच्या बाईंनी मान खाली घालून तिच्या हातात एक अर्ज ठेवला. तिने तो त्याच दिवशी भरून दिला. शिपाईमामा सांगत होते, तो आठवडाभर सरांच्या टेबलावर सहीवाचून पडून आहे. माझी भेग मात्र लगेच बुजवली. त्या कामाला कुणाची सही लागली नसावी.

अर्जाची मुदत उद्या संपते. आज शिपाईमामा तेलाची बाटली घेऊन आले, म्हणजे उद्या पुन्हा कुणीतरी पाहुणे. त्यांच्यासमोर सही होईलही, पण मला भरवसा नाही.

मित्रांनो, या वयात मला नवा रंग नको, पॉलिश नको. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी साहेब झालात, तर एवढेच करा. मला तेल घालून कडेला सारतील त्या दिवशी येऊ नका. दुसऱ्या दिवशी या, न कळवता.