न मागितलेली अक्षरं

ताईंची शाळा आज तीन इमारतींची आहे, मुलं चारशे, आणि लोक बाळ रांगायला लागायच्या आत नाव घालून ठेवतात. सुरू झाली ती सुताराच्या शेडमध्ये, सात मुलांवर. त्यातली एक सुताराची लेक. शेड वापरा, पोरीला तेवढं शिकवा, एवढंच तो म्हणाला होता.

शाळेचा नियम एकच: मूल आपणहून मागेपर्यंत काही शिकवायचं नाही. लेकीने रंधा मागितला. मग काय, शाळा सोडेपर्यंत आठ वर्षं ती रंधाच मारत राहिली. पाहुणे तिच्याभोवती कोंडाळं करायचे. हिला अजून अक्षरओळख नाही आणि बघा किती आनंदात आहे, असं ताई कौतुकाने सांगायच्या. ते खोटं नव्हतं. बाकीच्या सहा जणांचे आईबाप मात्र घरी गुपचूप बाराखडी घोकून घेत होते. नियमावर डोळे मिटून विश्वास ठेवला तो एकट्या सुताराने, कारण त्याला स्वतःला सहीपलीकडे काही येत नव्हतं.

आता शेड लेकीची. तिने बसवलेलं दार कधी घासत नाही. पाट्या ती अक्षरं लावून जेमतेम वाचते, पण लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. तिच्या सात वर्षांच्या मुलीचं साध्या शाळेत जाताना रोज पोट दुखायचं, बाईंचा आवाज चढला की पोर मुकी व्हायची. आपण जायचो तसं हिनेही हसत जावं, म्हणून ती ताईंच्या शाळेत अर्ज आणायला गेली. तिथे भिंतीवर रंधा धरलेला तिचाच लहानपणचा मोठा फोटो होता. त्याच्याखाली बसलेल्या कारकुनाने तिला ओळखलं नाही. मुक्त शिक्षणाबद्दलची आपली भूमिका पालकांनी चार पानांत, स्वतःच्या अक्षरात लिहावी, असं त्याने वाचून दाखवलं.

ती ताईंकडे गेली. ताईंनी जवळ घेतलं, वडिलांची चौकशी केली.

"ताई, मला लिहिता येत नाही. तुम्हाला तर माहीतच आहे."

"तू कधी मागितलंच नाहीस गं," ताई म्हणाल्या. शिवाय प्रवेश आता समितीच्या हातात, नियम सगळ्यांना सारखा.

दुसऱ्याकडून लिहून घ्यायला तिचं मन धजेना. चार रविवार खपून तिने अर्धं पान लिहिलं आणि दिलं.

उत्तर आलं तेव्हा तिचे हात सरसाने बरबटलेले होते. पाकीट पोरीने फोडलं आणि ओळीखाली बोट धरून वाचलं, "आपल्या घरात शिक्षणाविषयी पुरेशी आस्था आढळली नाही. सबब प्रवेश देता येत नाही."

साध्या शाळेत शिकलेली पोर कुठेही अडखळली नव्हती. अपमान आईला नंतर झोंबला, आधी ते वाचणंच काळजात घुसलं. आठ वर्षं शेडमध्ये कुणी आपल्याला एवढंही शिकवलं नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

"आस्था म्हणजे काय गं, आई?"

"तुझ्या बाईंना विचार," ती म्हणाली. "आणि उद्यापासून पोट दुखलं तरी शाळेत जायचं."

पोरीने मान खाली घातली आणि कागदाची नीट घडी केली.