पिवळा ऑक्सिजन

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी रागावणार नाही. निकामी म्हणालात तर मात्र खपवून घेणार नाही. मी रेणू दाखवणारा एक प्रोग्राम आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या संगणकात माझा मुक्काम असतो. रेणूची फाइल म्हणजे नुसते आकडे: कोणता अणू कुठे आहे, एवढंच. ते वाचून मी रंगीत गोळे आणि दांड्या काढतो. तुम्ही माउस फिरवाल तसा रेणू फिरतो.

रसायनाच्या सरांनी मला इथे आणलं, तेव्हा मी सगळ्यांसारखाच ऑक्सिजन लाल आणि क्लोरीन गडद हिरवा दाखवत असे. सर कितीतरी वेळ दोन्ही गोळ्यांवर बाण नेत बसले. त्यांना त्यांत फरकच दिसत नव्हता! मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि माझा ऑक्सिजन पिवळा केला. मुलांना ती सरांची लहर वाटे. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं आणि त्याचा मला केवढा गर्व होता! मुलं पडद्याभोवती गर्दी करून "ए, फिरव ना अजून!" म्हणत, तेव्हा मी फुलून जाई.

याच संगणकात ब्राउझरही राहतो. त्याचं नाव काढलं तरी माझ्या पोटात दुखतं. त्याला सारखे नवे कपडे, आणि मला इतक्या वर्षांत कुणी एक बटणसुद्धा लावलं नाही. तरी रेणू माझेच होते, म्हणून मी गप्प होतो.

मग शाळेत नवे संगणक यायचं ठरलं आणि त्यांवर मी चालत नाही असं निघालं. सरांची लेक वेबसाइट बनवते. ती रजेवर आली आणि म्हणाली, "बाबा, रेणू आता ब्राउझरमध्येच दाखवू. सगळं संगणकातच ठेवते, इंटरनेट बंद असलं तरी अडायचं नाही."

तिने पान तयार करून उघडलं. मधोमध रेणूच्या जागी नुसता पांढरा चौकोन! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला हे ब्राउझर महाशय शेजारची रेणूची फाइल वाचू देत नाहीत म्हणे, सुरक्षिततेसाठी. पण लेक हटली नाही. तिने त्याच संगणकात फाइली पुरवणारा एक छोटा सर्व्हर चालू केला. आता तीच फाइल वेबसाइटवरून आल्यासारखी समोर आली आणि त्याने लगेच घेतली. घरच्या माणसाला ओळख दाखवायची नाही, आणि त्यानेच बाहेर जाऊन बेल वाजवली की या, बसा!

रेणू दिसला. माझ्यापेक्षा गुळगुळीत, वर सावल्यासुद्धा. माझा नुसता जळफळाट झाला.

"उद्या वर्गात हाच दाखवा," लेक म्हणाली. "क्लोरीन कुठाय, सांगा बघू."

सरांचं बोट ऑक्सिजनवर टेकलं.

"बाबा, थट्टा पुरे हं."

सर हसले आणि त्यांनी बोट हलवलं. ते दुसऱ्या ऑक्सिजनवर गेलं. बघा, माझ्यावाचून अडलं ना! पण सरांच्या कपाळावर घाम आला होता. उद्या भर वर्गात ते असेच चुकणार होते.

लेकीने तीच फाइल माझ्यात उघडली. "आणि आता?"

सरांनी तिन्ही क्लोरीन पटापट दाखवले. तिची नजर माझ्या पिवळ्या ऑक्सिजनवर गेली. "बाबा, तुम्हाला लाल-हिरवं कळत नाही?"

"लहानपणापासून नाही कळत गं. रसायनाच्या मास्तराने हे कुणाला सांगायचं?"

"आईला तरी?"

"तिला वाटतं, मला मोजे निवडायची अक्कल नाही."

लेक हसली, मग डोळे पुसत तिने कीबोर्ड ओढला. एक ओळ बदलली आणि ब्राउझरमधला ऑक्सिजन पिवळा झाला. माझा पिवळा! एवढंच माझं स्वतःचं होतं, तेही त्याला मिळालं. सर रेणू फिरवत म्हणाले, "सुरेख." मला हा शब्द त्यांनी कधी म्हटला नव्हता.

"मग हा जुना काढून टाकू?" लेकीने विचारलं.

मित्रांनो, जुनं काही टाकण्याआधी ते एकदा उघडून तरी पाहा. कुणीतरी ते आपल्या अडचणीपुरतं बदलून घेतलेलं असतं, आणि ती अडचण त्याने कुणालाच सांगितलेली नसते.

सर म्हणाले, "राहू दे गं. इतकी वर्षं त्याने मला सांभाळून घेतलं." तेव्हा ब्राउझर उघडाच होता. ऐकलं असेलच त्याने.